पडून असलेला माल

सत्तावीस वर्षं पंपांच्या कारखान्यात सुट्या भागांचं भांडार सांभाळल्यावर एके दिवशी स्टोअरसाहेबांना सांगण्यात आलं, की आता भांडारच नको. जो भाग लागेल तो बाहेरून थेट मशीनपाशी येणार. मध्ये कोणी तो ठेवायचा नाही, राखायचा नाही आणि मुख्य म्हणजे चिठ्ठी मागायची नाही. हे सांगणारा व्यवस्थापक वयाने लहान होता आणि फार मायेने बोलला. एवढ्या मायेने तो पूर्वी कधी बोलला नव्हता, त्यामुळे वाक्य संपायच्या आतच साहेबांना सगळं कळलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि पावती मागितली. पावती कोणाच्या नावाने करायची हे ठरायला दुपार गेली, कारण किल्ल्या घेणारं खातंच उरलं नव्हतं.

'साहेब' हे आपलं म्हणायला. कारखान्यात ज्याच्या कमरेला किल्ली त्याला साहेब म्हणतात, कारण तो 'नाही' म्हणाला की समोरच्याला दिवसभर हात हलवत बसावं लागतं. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना कारखान्यातला सगळ्यात लहान पंप भेट दिला. त्यात मोटर नव्हती. मोटर वेगळी घ्यावी लागते, असं खोक्यावरच छापलेलं होतं, त्यामुळे फसवणूक झाली असं म्हणता येत नव्हतं.

पहिले दोन महिने साहेब नेहमीच्या वेळी उठत, दाढी करत, इस्त्रीचा शर्ट चढवत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसत. कोणी काही मागायला येईल अशा बेताने ते दाराकडे तोंड करून बसत. कोणी येत नसे. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र चालू असे, आणि येणारी माणसं तिच्याकडे येत. कोणाची पँट आखूड करायची असे, कोणाची चेन बदलायची असे, कोणी वजन वाढलं हे कबूल न करता 'कापड आटलंय बहुतेक' असं सांगून शिवण उसवून घेऊन जात असे. बायको कोणाला उलटून विचारत नसे. तिच्या धंद्याचं निम्मं यश त्यात होतं.

तिच्याकडे दोन यंत्रं होती. एक साधं, रोजचं. दुसरं ओव्हरलॉक. कापलेल्या कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून त्या चार दोऱ्यांनी बांधून टाकणारं, टेबलाखाली दणकट मोटर असलेलं. ते गणवेशांच्या हंगामात चाले; बाकीचं वर्ष त्यावर चादर टाकलेली असे. लग्नाआधी बायको दोन वर्षं गावाबाहेरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे बाथरूमला जायचं तर हात वर करायचा आणि सुपरवायझरने मान हलवेपर्यंत वर ठेवायचा. ते सोडताना तिने ठरवलं होतं की यापुढे हात वर करायचा तो फक्त वाळत घातलेले कपडे काढायला. त्या निश्चयावर तिने पंचवीस वर्षं काढली आणि पहिलं यंत्र, मग दुसरं यंत्र, स्वतःच्या शिवणीवर आणलं.

नवऱ्याचं भांडार बंद झालं तेव्हा ती रडली नाही, की तिने त्याला धीरही दिला नाही. दोन महिन्यांनी ती परिचारिका महाविद्यालयात गेली आणि तिथल्या अधीक्षिका बाईंना भेटली. बाईंनी तिच्या हातची शिवण उलटी करून बघितली, नखाने ओढून बघितली आणि साठ सदऱ्यांचं काम देऊ केलं, फिक्या निळ्या रंगाचे, अर्ध्या बाहीचे. हे साठ नीट झाले तर दर सत्राला सगळ्या वर्गांचे. कापड दीड महिन्याने मिळणार होतं. घरी येऊन तिने नवऱ्याला ते सांगितलं आणि हेही सांगितलं, की बसथांब्यावर त्या कपड्यांच्या कारखान्याची जाहिरात लागली आहे, अनुभवी बायका हव्यात म्हणून.

"ऐका नीट," ती म्हणाली. "हे काम टिकलं तर मी या खोलीत. नाही टिकलं तर त्या बसमध्ये. मधलं काही नाहीये."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते नीट समजलं होतं. पुढे जे झालं ते न समजल्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये.

त्याच आठवड्यात ते वाचनालयातल्या 'साधं जगणं' मंडळात गेले. दर शनिवारी संध्याकाळी तिथे पंधरा-वीस माणसं जमत आणि कमीत कमी कसं जगावं याची चर्चा करत. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी गरजा इतक्या कमी केल्या होत्या, की घरात कपडे धुणारी, स्वयंपाक करणारी आणि गाडी चालवणारा अशी तीनच माणसं ठेवली होती. बोलायचे मात्र सुंदर. बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या हातात दिलेली आपली दोरी, असं ते म्हणाले. घर हेच भांडार आहे, असंही म्हणाले.

हे शेवटचं वाक्य म्हणताना आपल्यासमोर कोण बसलंय याची प्राचार्यांना कल्पना नव्हती. साहेब ताठ झाले. दोन महिने जो माणूस टेबलापासून हलला नव्हता, तो घरी परत येताना तरातरा चालत आला. वाटेत त्याने फक्त दोऱ्याचं एक रीळ आणि पुठ्ठा घेतला. ही शेवटची खरेदी, असं त्याने दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराने त्याला शुभेच्छा दिल्या आणि सुटे पैसे मागितले.

पद्धत साहेबांना शोधावी लागली नाही, ती हातात होतीच. भांडारात प्रत्येक मालाला एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर तो शेवटचा कधी हलला याची तारीख असते. नव्वद दिवसांत जो हलला नाही तो 'पडून असलेला माल'. त्याच्यावर कोणाचा हक्क नसतो. ज्याला निकड असेल त्याला तो द्यायचा. या एका नियमावर साहेबांनी सत्तावीस वर्षं कारखाना एक दिवसही थांबू दिला नव्हता, आणि मोठमोठ्या इंजिनिअरांना 'तुमचा कॉक पडून होता, दिला' असं सुनावलं होतं. आता त्यांनी घरभर चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. पंख्याला, छत्रीला, किसणीला, पाहुण्यांच्या गादीला, माळ्यावरच्या सायकलला. बायको शिवत होती. तिच्या साध्या यंत्राला चिठ्ठी बांधताना त्यांनी आजची तारीख घातली. मग चादर उचलली, आणि ओव्हरलॉकला पाच महिन्यांपूर्वीची.

वरच्या मजल्यावरचा घड्याळवाला रोज दुपारी जिन्यात भेटे. भिंगाची डबी डोळ्याला लावून लावून त्याचा उजवा डोळा कायम थोडा आश्चर्यचकित असायचा. तो घरात आला, चिठ्ठ्या वाचत वाचत फिरला आणि साहेबांच्या समोर येऊन थांबला.

"साहेब, तुमच्या स्वतःच्या चिठ्ठीवर काय तारीख घातलीत?"

"मी चालू माल आहे," साहेब म्हणाले.

"नाही, नव्वद दिवस व्हायला आले म्हणून विचारलं. वहिनींना एखाद्या सुट्या भागाची निकड लागली तर," घड्याळवाला म्हणाला आणि चहा न घेता वर गेला.

सुरुवात झकास झाली, हे कबूल केलं पाहिजे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता; त्याला पाहुण्यांच्या न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बसला. पाहुण्यांच्या न्हाणीघराचा नळ मग कायमचा बंद ठेवावा लागला, पण पाहुणे तरी कुठे येत होते. आतल्या खोलीच्या पंख्याचं बटण गेलं, ते बाहेरच्या दिव्याचं बसवलं. बाहेरचा दिवा, विचार केला तर, बाहेरच्यांसाठीच असतो. इस्त्रीची वायर मिक्सरला लागली आणि मिक्सरचं झाकण धान्याच्या डब्याला अगदी मापात बसलं. दर शनिवारी साहेब मंडळात उभे राहून या आठवड्यात बाजाराला पाय लागला नाही असं सांगत आणि टाळ्या घेत. घरातली एक वस्तू चालू करायला दुसरी बंद करावी लागते, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण भांडाराच्या हिशेबात तो तोटा धरत नाहीत. माल इथून तिथे गेला, आहे घरातच.

बायको हे सगळं बघत होती. इस्त्री गेली तेव्हा तिने शेजारणीची आणली आणि पुन्हा कामाला बसली. नवरा घरभर हातात पाना घेऊन फिरतो, वेळेवर जेवतो, शिट्ट्या मारत गच्चीवर जातो, एवढं ती बघत होती.

गच्चीवर भाजीपाला होता. जुन्या खोक्यांत माती भरून साहेबांनी टोमॅटो, भोपळा आणि पालक लावला होता. त्यांना पाणी घालायला नळाचं ताजं पाणी वापरणं मंडळात कमीपणाचं मानत. आंघोळीचं वापरलेलं पाणी एका पिंपात साठवायचं आणि वर चढवायचं, असं ठरलं. पाणी वर चढवायला पंप लागतो. तो होता. पंपाला मोटर लागते.

साहेबांनी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचून काढल्या. त्यांनी घाई केली नाही. जी मोटर योग्य ताकदीची होती, जिच्या चिठ्ठीवरची तारीख सहा महिन्यांपूर्वीची होती आणि जिच्यासाठी कोणीही मागणी नोंदवली नव्हती, ती एकच होती. बायको त्या दिवशी बटणं आणायला गेली होती. टेबलाखाली उताणं पडून साहेबांनी चार बोल्ट काढले. पंपाच्या दांड्याशी मोटरचा दांडा जुळेना, तेव्हा त्यांनी तो करवतीने कापून कानशीने तासला. कारखान्यात हे काम करायला तीन सह्या लागल्या असत्या. इथे एकही लागली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण मालक आहोत असं त्यांना वाटलं. जाताना त्यांनी रीतसर चिठ्ठी लिहून यंत्राच्या खिळ्याला अडकवली आणि चादर होती तशी घातली.

पंप अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी पिंपातलं साबणाचं पाणी फेसाळून मोटरमध्ये गेलं, एक जळका वास आला आणि गच्चीवर शांतता पसरली. टोमॅटो आणि पालक साबणाने त्याआधीच मान टाकून होते. भोपळ्याचा वेल मात्र शेजारच्या गच्चीवर गेला होता आणि तिकडे त्याला फुलं आली होती.

सदऱ्यांचं कापड त्यानंतर चार दिवसांनी आलं. बायकोने सकाळी खोली झाडून घेतली, कापड बेतून सगळे भाग कापले, त्यांच्या गड्ड्या बांधल्या, आणि ओव्हरलॉकवरची चादर काढून चारही दोरे ओवले. मग तिने पायाखालची पट्टी दाबली. काही झालं नाही. तिने प्लग बघितला. मग वाकून टेबलाखाली बघितलं. पट्टा लोंबत होता आणि खिळ्याला चिठ्ठी होती. ती तिने उजेडात नेऊन वाचली.

"'मोटर, एक. दिली: गच्चीचा पंप. कारण: पडून,'" ती म्हणाली. "हे काय आहे?"

"चिठ्ठी," साहेब म्हणाले.

"मोटर आणा."

"जळली."

ती स्टुलावर बसली. तिने हातातली चिठ्ठी घडी घालून लहान लहान करत नेली. साहेबांना ओरडणं अपेक्षित होतं. भांडाराच्या खिडकीतून ते पुष्कळ ऐकलेलं होतं, त्याची उत्तरं पाठ होती. ओरडणं झालं नाही. ती उठली, चपला घातल्या आणि पिशवी घेतली. बाजारात मोटरीचं दुकान आहे, अर्ध्या तासात येते, असं म्हणाली. भाव काय असेल ते असो, असंही म्हणाली.

साहेब दारात उभे राहिले. वाट अडवायची असा त्यांचा विचार नव्हता. पण उभे राहिल्यावर लक्षात आलं की आपण वाट अडवली आहे.

"आणू नकोस," ते म्हणाले. "मी करतो. दोन दिवस दे मला. विकत आणलीस की हे सगळं संपलं बघ. मग मी नुसता घरी बसलेला माणूस."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं साहेबांनी होकार म्हणून घेतलं. तिने पिशवी खुंटीला लावली आणि चपला काढल्या.

दोन दिवसांत साहेबांनी माळ्यावरची सायकल खाली काढली, मागचं चाक उचलून लाकडी घोडीवर बसवलं, टायर काढून धावेवर पट्टा चढवला आणि तो यंत्राच्या पुलीला जोडला. म्हणजे साहेबांनी पेडल मारायचं आणि बायकोने समोर बसून कापड सरकवायचं. पहिला सदरा पुरा झाला तेव्हा त्यांनी घड्याळवाल्याला हाक मारून वरून बोलावलं. तो आला, सायकलवर बसलेल्या साहेबांना आणि त्यांच्याकडे पाठ करून शिवणाऱ्या वहिनींना त्याने डोळे भरून पाहिलं. अशी सहल त्याने आजवर बघितली नव्हती, म्हणाला. एक जण पेडल मारतोय आणि दोघंही जागच्या जागी.

पण खरं सांगायचं तर ते दिवस साहेबांना सुखाचे गेले. ती "हळू" म्हणायची, ते हळू करायचे. "आता", की वेग. "थांबा", की थांबायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी मागणाऱ्याला वाट बघायला लावली होती. आता कोणी मागितलं की ते तत्क्षणी देत होते आणि मध्ये चिठ्ठी नव्हती. दुपारी ती त्यांच्या मानेवर ओला रुमाल ठेवायची. लग्नाच्या पंचवीस वर्षांत दोघं एका कामात एवढे तास कधी शेजारी नव्हते. संध्याकाळी पोटऱ्यांना तेल लावताना साहेब म्हणायचे, की प्राचार्यांनी हे बघायला हवं.

जे ते बघत नव्हते ते असं, की ओव्हरलॉक हे यंत्र वेगावर चालतं. त्यात एक लहानशी सुरी असते, ती शिवता शिवता कापडाची कड कापत जाते. वेग एकसारखा असेल तर सुरी कापते आणि दोरे आवळून बसतात. वेग पडला की सुरी चावते आणि दोरे सैल पडतात. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्य खुर्चीत काढलेल्या माणसाचा दम लांब शिवणीच्या मध्यावर तुटतो. बाहीच्या गोलाईवर हळू जाऊन मग एकदम वेग घ्यायचा असतो, तिथे तो हमखास तुटायचा. बायको प्रत्येक शिवण ओढून बघे, सुटली की उसवे आणि पुन्हा घाले. आधी ती उसवलेल्या सदऱ्यांची वेगळी गड्डी करत असे. पुढे ती गड्डी केली की साहेब खाली मान घालून अधिक जोरात पेडल मारू लागत, आणि अधिक जोरात मारलं की लवकर थकत. मग तिने गड्डी करणं बंद केलं. ते जेवायला उठले की तेवढ्यात ती उसवायची. शेवटच्या चार दिवसांत त्यालाही वेळ राहिला नाही.

देण्याच्या आदल्या दिवशी साठही सदरे घडी करून टेबलावर रचलेले होते. घड्याळवाला बटणं मोजायला मदत करत होता. त्याने सहज एक सदरा उलटा केला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि काखेतली शिवण बघितली. मग दुसरा घेतला. मग त्याने वहिनींकडे बघितलं, आणि वहिनींनी त्याच्याकडे. साहेब घोडीवरून सायकल उतरवत होते.

"काय, कसं वाटलं काम?" त्यांनी विचारलं.

"छान," घड्याळवाला म्हणाला आणि भिंग खिशात ठेवलं.

सदरे गेले, वेळेवर गेले. साहेबांनी शनिवारी मंडळात सायकलीची गोष्ट सांगितली तेव्हा दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्य म्हणाले, की ही नुसती काटकसर नव्हे, ही साधना आहे. आणि पुढच्या महिन्यात आपण सगळे साहेबांचं घर बघायला जाऊ.

अधीक्षिका बाईंचा निरोप तीन आठवड्यांनी आला. बायको एकटीच गेली आणि साठही सदऱ्यांचं मोठं गाठोडं घेऊन परत आली. महाविद्यालयात कपडे उकळत्या पाण्यात धुतात. पहिल्या धुण्यात चौदा सदऱ्यांच्या काखा उसवल्या, दुसऱ्यात कडा दशा दशा होऊन सुटल्या. मग एके दिवशी एका मुलीने रुग्णाचा रक्तदाब कसा घ्यायचा हे सगळ्या वर्गासमोर दाखवताना हात पुढे केला, आणि बाही तिच्या दंडावरून निघून सरावाच्या पुतळ्याच्या हातावर जाऊन पडली. वर्ग हसला. अधीक्षिका बाई हसल्या नाहीत. त्यांनी चहा मागवला, बायकोची आधीची शिवण अजून आपल्याला आठवते असं सांगितलं, आणि यापुढचं काम मोठ्या कारखान्याला दिलंय हेही सांगितलं. अगदी मायेने सांगितलं.

हे सगळं बायकोने गाठोडं सोडता सोडता, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसं सांगितलं. साहेब सायकलीच्या घोडीवर बसले होते, कारण खुर्चीवर सदरे होते. आपण आत्ता जाऊन मोटर आणू, असं ते म्हणाले. आता, तिने विचारलं, कशासाठी? त्यावर ते म्हणाले, की तू त्या दिवशी माझं ऐकायला नको होतंस. तुला माहीत होतं ना, सायकलवर ते व्हायचं नाही म्हणून?

"माहीत होतं."

"मग?"

ती एका सदऱ्याची दशी ओढत होती. ती ओढली तशी लांब लांब येत गेली.

"नोकरी गेल्यापासून तुम्ही आंघोळ करताना गुणगुणत नव्हता," ती म्हणाली. "पंप बसवलात त्या दिवशी परत सुरू झालं होतं. मला वाटलं, होईल कसंतरी."

आपण गुणगुणतो हेच साहेबांना माहीत नव्हतं. काय गुणगुणत होतो असं विचारावंसं वाटलं, पण ती वेळ नव्हती. साठही सदरे तिने पुढच्या चार दिवसांत उसवले, पण कापड परत देण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून त्याची भरपाई द्यायला ओव्हरलॉक पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला विकून टाकलं. तो घेऊन जायला आला तेव्हा मोटर कुठे आहे म्हणाला. ती म्हणाली, नाही. त्याने घरातल्या चिठ्ठ्यांकडे आणि साहेबांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. तोही आपल्या धंद्यात मुरलेला होता.

सोमवारी ती पावणेसातच्या बसने कारखान्यात गेली. अनुभव आहे का, असं तिथे विचारलं, तेव्हा तिने पंचवीस वर्षं म्हणून सांगितलं. ते घरचं झालं, कारखान्यातलं सांगा, असं म्हणाले. मग तिने दोन वर्षं सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेरच्या खोलीत साधं यंत्र राहिलं. गिऱ्हाइकं आठवडाभर आली, साहेबांना बघून 'बाई नाहीत का' विचारून गेली, आणि मग यायची थांबली. साहेबांनी शिवायला शिकून बघितलं. एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेल्यावर त्यांनी ते सोडलं, आणि पँटवाल्यानेही त्यांना सोडलं.

ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात मंडळ घर बघायला आलं. दुपारचे चार वाजले होते. सोळा माणसं चपला दाराबाहेर काढून ओळीने आत आली. साहेबांनी त्यांना नळ दाखवला, पंख्याचं बटण दाखवलं, सायकल दाखवली. गच्चीवर नेऊन पंप दाखवला आणि आता आपण पाणी हातानेच वर आणतो असं सांगितलं, ते सगळ्यांना जास्तच आवडलं. एका बाईंनी वहीत नोंदी घेतल्या. एका तरुण माणसाने विचारलं, की बाजारातून अगदीच काही येत नाही, मग घर चालतं कशावर?

साहेब बोलायला लागले आणि थांबले. उत्तर त्यांना येत होतं. ते चार शब्दांचं होतं आणि सोळा जणांसमोर त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

"वहिनी कुठे आहेत?" नोंदी घेणाऱ्या बाईंनी तेवढ्यात विचारलं.

"कामाला," साहेब म्हणाले.

"बघा," प्राचार्य इतरांकडे वळून म्हणाले, "घरातला प्रत्येक हात कामाला. याला म्हणतात स्वावलंबन."

टाळ्या झाल्या. गच्चीवर त्या फार मोठ्या वाटल्या नाहीत. जाताना प्राचार्यांनी साहेबांना पुढच्या शनिवारी भाषण करायला सांगितलं. विषय तुम्हीच ठरवा, म्हणाले. त्यांचा ड्रायव्हर खाली गाडी सुरू करून उभा होता.

बायको साडेसातला आली. तिने पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि टेबलाशी येऊन बसली. साहेबांनी तिच्यासमोर ताट ठेवलं. ते रोज गरम असावं याची ते काळजी घेत. बस वळणावर दिसली की ते चूल पेटवत. ती सावकाश जेवत होती. उजव्या हाताची बोटं तिला चिमटीत जुळवता येत नव्हती, म्हणून चमचा तिने मुठीत धरला होता.

आज मंडळ येऊन गेलं, असं साहेबांनी सांगितलं. किती जण होते, तिने विचारलं. सोळा, ते म्हणाले. पाणी दिलंत ना सगळ्यांना, तिने विचारलं. दिलं, ते म्हणाले.

"तुझ्याकडे आज काय होतं?"

"बाह्या."

"कसल्या?"

"सदऱ्यांच्या. फिक्या निळ्या." तिने घास गिळला. "मी डावी घालते. उजवी पलीकडच्या रांगेत असते."

साहेब उभेच होते. बसावं की काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. आपण काहीतरी म्हणायला हवं, आणि ते म्हणायला आता फार दिवस झाले, एवढं कळत होतं.

"चांगली बसते का?" त्यांनी विचारलं.

"बसते की. मोटर चांगली आहे त्यांची." तिने ताट पुढे सरकवलं आणि कपाळ तळहातावर टेकवलं. "मला साडेपाचला उठवा. परवा पाच मिनिटं उशीर झाला तर सगळ्यांसमोर हात वर करून उभं केलं."

"उठवतो," साहेब म्हणाले आणि ताट उचलून धुवायला नेलं.